भाकरीपासून भातापर्यंत : एका सहलीची आंखणी



सुटी जवळ आली म्हणजे वर्गांत दोन प्रकारचीं मुलें दिसूं लागतात. एक म्हणतो, "आम्ही सहा दिवसांत नऊ शहरें पाहणार". दुसरा कांहींच बोलत नाहीं, कारण त्याच्या घरीं प्रवासापुरता पैसा नसतो. पहिला परत आल्यावर त्यास विचारावें कीं, त्या नऊ शहरांत काय पाहिलेंस, तर फलाटावरचा चहा, मुक्कामाची खोली व भ्रमणध्वनींत सांठविलेलीं चित्रें यांपलीकडे त्यास फारसें सांगतां येत नाहीं. म्हणजे एकाजवळ पैसा असून प्रवास हातीं लागला नाहीं, आणि दुसऱ्याजवळ जिज्ञासा असून त्याला वाट मिळाली नाहीं. प्रस्तुत पाठाचा हेतु या दोघांनाही उपयोगी पडावें असा आहे. अनेक शहरांची सहल कशी आंखावी, तेथील अन्न व संस्कृति यांची ओळख कशी करून घ्यावी, आणि वर्गांतील सर्वांत गरीब मुलालाही तींत कसें सामावून घ्यावें, हें एका प्रत्यक्ष उदाहरणानें पाहूं.

१. सूत्र

प्रवासाच्या आंखणींत पहिला प्रश्न "कोठें जावें" हा नसून "काय समजून घ्यावें" हा आहे. फुलें कितीही सुंदर असलीं तरी दोऱ्यावांचून त्यांचा हार होत नाहीं. तद्वत् गांवें कितीही प्रसिद्ध असलीं तरी त्यांतून एखादें सूत्र ओवल्यावांचून सहल होत नाहीं, केवळ धांवपळ होते.

आपण आज असें सूत्र घेऊं : भाकरीपासून भातापर्यंत. पुण्याहून निघावें, सोलापूर, विजापूर, बदामी, धारवाड, गोवें, मिरज व कोल्हापूर असा फेरा करावा आणि पुन्हां पुण्यास यावें. नकाशा उघडून पाहा. हा सर्व मार्ग रेल्वेनें जोडलेला असून तो एखाद्या वाटोळ्या कड्यासारखा आहे. म्हणजे लोंढा-गोवें व मिरज-कोल्हापूर हे तुकडे सोडले, तर गेलेल्या वाटेनें परत यावें लागत नाहीं.

या वाटेवर ताटांतील मुख्य अन्न बदलत जातें, आणि त्याचें कारण आकाशांत व मातींत आहे. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात. त्यामुळें गोव्याच्या बाजूस वर्षाकांठीं ३०० सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि डोंगरामागें पूर्वेस असलेल्या सोलापूर-विजापूरच्या पठारावर तो ६०-७० सेंटिमीटरांवर येतो. इतक्या पावसांत भाताचें पीक कसें यावें? परंतु तेथील काळी जमीन पावसाचें पाणी आपल्या पोटांत धरून ठेवते, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरांत ती पेरतात व फेब्रुवारी-मार्चांत काढतात. म्हणून पठारावर भाकरी, किनाऱ्यावर भात, आणि मधल्या घाटाच्या पट्ट्यांत दोहोंचा शेजार. भूगोलाच्या पुस्तकांतील "पर्जन्यछायेचा प्रदेश" हे शब्द आपण पाठ करतों; या सहलींत ते आपण जेवणार आहोंत.

२. ऋतूची निवड

सूत्र ठरल्यावर ऋतु ठरवावा. एप्रिल-मे महिन्यांत बदामीचे तांबडे खडक असे तापतात कीं, लेण्यांच्या पायऱ्या चढणें शिक्षा वाटावी. जुलै-ऑगस्टांत घाटांतील दूधसागराचा धबधबा भरांत असतो खरा, पण त्या दिवसांत गोव्यांत पावसाची झड असते आणि समुद्र खवळलेला असतो. नाताळांत हवा उत्तम. परंतु तेव्हां गोव्यांत इतकी गर्दी लोटते कीं, गरीब प्रवाशास परवडेल अशी जागा मिळणें कठिण. जानेवारीच्या मध्यास संक्रांतीला सोलापुरीं सिद्धेश्वराची यात्रा भरते व शेतांत हुरडाही तयार होऊं लागतो. पण त्या वेळीं आपली शाळा चालूं असते.

सर्व बाजूंचा विचार करतां दिवाळीची सुटी बरी. हवा निवळलेली असते, धबधब्यास पाणी असतें, पठारावर ज्वारीचीं कोवळीं रोपें दिसतात. हुरडा व यात्रा मात्र चुकतात. एका सुटींत सर्व कांहीं मिळत नाहीं. काय सोडावयाचें हें आधींच ठरविणें हाही आंखणीचाच भाग होय.

३. दिवसांची वांटणी

यासाठीं तीन नियम ध्यानांत ठेवावे. पहिला : ज्या गांवीं उतरावयाचें तेथें किमान एक रात्र व एक सबंध सकाळ मिळाली पाहिजे, कारण गांवाचा खरा चेहरा सकाळच्या बाजारांत दिसतो. दुसरा : लांबच्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवशीं पुन्हां लांबचा प्रवास करूं नये. तिसरा : सहलीच्या मध्यावर एक दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशीं कपडे धुवावे, घरीं पत्र लिहावें, वही पुरी करावी. आणि कोणी आजारी पडल्यास किंवा एखादी गाडी चुकल्यास तोच दिवस उपयोगी पडतो.

या नियमांनीं आपली वांटणी १२ रात्रींची होते : सोलापुरीं १, विजापुरीं २, बदामीस २, धारवाडास २, गोव्यांत २, मिरजेस १ व कोल्हापुरीं २, तेराव्या दिवशीं पुणें. मोकळा दिवस धारवाडचा. गाड्यांच्या वेळा वरचेवर बदलतात, म्हणून त्या निघण्यापूर्वीं तपासून घ्याव्या. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीं खुलें होतें. दिवाळींत जागा लौकर संपतात, त्यासाठीं ती तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

४. मुक्कामावार परिचय

सोलापूर. येथें मराठी, कानडी व तेलुगु या तीन भाषा एकाच गल्लींत ऐकूं येतात. तेलुगु बोलणारे विणकर तेलंगणांतून येथें आले, आणि सोलापुरी चादर जी नांवारूपास आली तींत त्यांच्या हातांचा मोठा वांटा आहे. गांवाचें दैवत जे सिद्धरामेश्वर, ते बाराव्या शतकांतील असून त्यांचीं वचनें कानडींत आहेत. उलट, कानडीचे थोर कवि द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनीं सोलापूरच्या महाविद्यालयांत अध्यापन केलें, आणि १९७३ सालीं त्यांस ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रांतील शहराचा संत कानडींत बोलतो व मराठी घरांतला मुलगा कानडीचा महाकवि होतो, हें येथेंच कळून येतें. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हेही सोलापूरचे. ते १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व जखमी सैनिकांची सेवा करीत १९४२ सालीं तेथेंच वारले.

ताटांत येथें ज्वारीची कडक भाकरी व शेंगदाण्याची चटणी. ही भाकरी वाळवून कुरकुरीत केलेली असल्यामुळें दिवसेंदिवस टिकते. प्रवाशाची शिदोरी म्हणून तिच्यासारखी दुसरी वस्तु नाहीं. चटणी खातांना एक गोष्ट मनांत आणावी : भुईमूग व मिरची हीं दोन्ही पिकें मूळचीं अमेरिकेचीं. तीं येथवर कोणत्या वाटेनें आलीं हें आपणांस गोव्यांत कळेल.

विजापूर. २०१४ पासून याचें अधिकृत नांव विजयपुर. महंमद आदिलशहा (१६२७-१६५६) याची कबर असलेला गोल घुमट येथें आहे. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे, आणि आंत आधारास एकही खांब नाहीं. चौकोनी भिंतींवर गोल घुमट कसा बसविला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं वर जाण्यापूर्वीं कागदावर आकृति काढून सोडवावा. एकमेकींस छेदणाऱ्या कमानींनीं चौकोनाचा प्रथम अष्टकोन व मग वर्तुळ होतें, हें मग प्रत्यक्ष पाहतांना मोठा आनंद होतो. सज्जांत एका भिंतीशीं पुटपुटलेलें दुसऱ्या भिंतीशीं स्पष्ट ऐकूं येतें. मात्र सकाळीं लौकर जावें. उशिरां गेल्यास प्रतिध्वनीऐवजीं केवळ आरडाओरडा ऐकावा लागतो. दुसरा इब्राहीम आदिलशहा (१५८०-१६२७) संगीताचा मोठा भोक्ता होता. त्यानें दखनी भाषेंत रचलेल्या "किताब-इ-नौरस" या ग्रंथांत सरस्वती व गणपति यांचें स्तवन आहे. त्याचें विश्रांतिस्थान इब्राहीम रोजा आकारानें लहान असलें तरी नाजूकपणांत घुमटापेक्षां सरस आहे.

येथील लिंगायत खानावळींत एक वेळ अवश्य जेवावें. ज्वारीची भाकरी (तिला तेथें "जोळद रोट्टी" म्हणतात), भरलें वांगें, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, जवसाची चटणी, दही, आणि बाजूला कच्चा कांदा व मेथीची पालेभाजी. ज्या बसवेश्वरांनीं बाराव्या शतकांत श्रम व अन्नदान यांस धर्माचें स्थान दिलें, त्यांचें जन्मगांव बसवन बागेवाडी याच जिल्ह्यांत आहे. खानावळींतला वाढपी पुन्हां पुन्हां आग्रह करतो, तो केवळ धंद्यासाठीं नव्हे.

बदामी. चालुक्यांची ही राजधानी. तांबड्या खडकांत कोरलेल्या चार लेण्यांपैकीं तिसऱ्यांत शके ५००, म्हणजे इ. स. ५७८, या वर्षाचा शिलालेख आहे. खालीं अगस्त्यतीर्थ नांवाचें तळें आहे. येथील वानरांना प्रवाशांच्या पिशव्यांची चांगली ओळख आहे. खाद्यपदार्थ हातांत घेऊन चढूं नये, नाहीं तर भोजनाचा मान त्यांस मिळतो.

दुसऱ्या दिवशीं पट्टदकल व ऐहोळे पाहावीं. पट्टदकल १९८७ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आलें. उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन्ही शैलींचीं देवळें तेथें एकाच आवारांत शेजारीं-शेजारीं उभीं आहेत. विरूपाक्षाचें देऊळ राणी लोकमहादेवीनें आठव्या शतकांत, पति विक्रमादित्य दुसरा यानें पल्लवांच्या कांचीवर मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ बांधविलें. आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यावर या देवळाची छाप दिसते. ऐहोळे येथें मेगुटीच्या टेकडीवर रविकीर्ति नांवाच्या कवीचा इ. स. ६३४ चा संस्कृत लेख आहे. पुलकेशी दुसरा हा ९९,००० गांवें असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपति झाला, असें त्यांत म्हटलें आहे. ज्याला आपण महाराष्ट्र म्हणतों, त्याच्या नांवाचा हा जुना उल्लेख वाचावयास आजच्या कर्नाटकांतील टेकडी चढावी लागते, हें विसरूं नये.

धारवाड. वाटेंत हुबळीस गाडी बदलतांना तेथील फलाट पाहावा. २०२३ सालीं तो पुरा झाला तेव्हां १,५०७ मीटर लांबीमुळें जगांत सर्वांत लांब ठरला. धारवाड मात्र शांत गांव. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०-१९९२) जवळच्या मन्सूर खेड्यांतले, गंगूबाई हनगल (१९१३-२००९) धारवाडांत जन्मल्या, आणि भीमसेन जोशी (१९२२-२०११) पलीकडच्या गदग भागांतले. या तिघांची मातृभाषा कानडी. त्यांच्या गाण्याचा श्रोता मात्र पुण्या-मुंबईचाही. येथला पेढा खव्याला तपकिरी रंग येईपर्यंत भाजून व पिठीसाखरेंत घोळून करतात. तो करण्याची रीत उत्तरेकडील उन्नावहून आलेल्या एका कुटुंबानें येथें आणली, असें सांगतात. परकी वस्तु एखाद्या गांवाची ओळख कशी होऊन बसते याचें हें गोड उदाहरण होय.

गोवें. धारवाडहून लोंढ्यामार्गें गाडी कॅसलरॉकला येते आणि तेथून घाट उतरूं लागते. चढण ३७ फुटांस १ फूट अशी तीव्र असल्यामुळें वर येणाऱ्या गाड्यांस जादा इंजिनें जोडतात. दूधसागर लोहमार्गालगतच सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळतो. आतां खिडकींतून नीट पाहत राहावें : ज्वारी नाहींशी होते, झाडी दाटते, आणि खालीं उतरतांच नारळ, सुपारी व भाताचीं खाचरें दिसूं लागतात. आपल्या सूत्राचा हा मध्यबिंदु. या तासांत कोणीही झोपूं नये.

जुन्या गोव्याचीं चर्चें १९८६ पासून जागतिक वारशांत आहेत. बॉम जेझू बॅसिलिकेंत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. मराठी विद्यार्थ्यास आणखी एक गोष्ट येथें जिव्हाळ्याची वाटावी. मुद्रणकला हिंदुस्थानांत प्रथम १५५६ सालीं गोव्यांत आली; आणि इंग्लंडांतून आलेले फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओवींत रचलेलें "ख्रिस्तपुराण" १६१६ सालीं गोव्यांतच रायतूर येथें छापलें गेलें. परक्या देशांत जन्मलेल्या मनुष्यानें आपली भाषा इतक्या प्रेमानें आपलीशी करावी, हा आपल्या भाषेचा मान आहे.

ताटांत आतां भात, माशाचें हुमण, आमसुलाचें सार, आणि तिरफळ घातलेलें खतखतें. सकाळीं पदेर सायकलीवरून पाव विकावयास येतो. "पाव" हा शब्दच पोर्तुगीज. बटाटा, काजू, अननस, चावी, पगार हेही तिकडूनच आलेले. काजू ब्राझीलमधून आला; मिरची व भुईमूग हींही अमेरिकेंतून याच दर्यावर्दी लोकांच्या व्यापारानें आपल्याकडे पोंचलीं. सोलापूरच्या चटणीचें कोडें येथें सुटतें. ज्या तिखटाशिवाय आपलें जेवण आपणांस आपलें वाटत नाहीं, तें पांचशें वर्षांमागें आपलें नव्हतें.

मिरज व कोल्हापूर. परतीच्या वाटेवर मिरजेस उतरावें. तंबोरे व सतारी करणाऱ्या कारागिरांची गल्ली येथें आहे. भोपळा कसा निवडतात, वाळवतात व त्यावर पोकळ लांकडी दांडी कशी बसवितात, हें परवानगी मागून पाहावें. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खांसाहेब (मृत्यु १९३७) यांची कबर येथेंच आहे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई व भीमसेन. म्हणजे धारवाडचा धागा मिरजेस येऊन मिळतो.

कोल्हापुरीं पुन्हां भाकरी, पण तिच्या जोडीस तांबडा व पांढरा रस्सा, आणि ऊंसाच्या पट्ट्यांतला गूळ. शाहू महाराजांनीं (कारकीर्द १८९४-१९२२) निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं येथें वसतिगृहें काढलीं, त्यांतील पहिलें १९०१ सालीं. खेड्यांतल्या मुलाला शहरांत शिकतांना जेवावयास व निजावयास जागा कोठें मिळणार, हा प्रश्न ज्या राजानें ओळखला, त्याच्या गांवीं आपली सहल संपते हें योग्यच आहे.

५. खर्च

खर्चाचे चार कप्पे करावे : प्रवास, मुक्काम, अन्न आणि अडचण. चौथा कप्पा कधींही रिकामा ठेवूं नये. एकंदर रकमेचा दहावा हिस्सा त्यांत टाकावा, व न लागल्यास परत वांटावा. मुक्कामासाठीं त्या त्या गांवच्या शाळांना, वसतिगृहांना व धर्मशाळांना दोन महिने आधीं पत्रें लिहावीं. सुटींत शाळांचे वर्ग रिकामे असतात, आणि नम्रपणें मागितल्यास सतरंज्या घालण्यापुरती जागा पुष्कळ ठिकाणीं मिळते. शैक्षणिक सहलीस मिळणाऱ्या सवलतीची चौकशी मुख्याध्यापकांच्या पत्रानिशीं रेल्वेकडे करावी.

आतां थोडें गणित. रेल्वेचें तिकीट व जेवण हा दरडोई खर्च. जितकीं मुलें तितका तो वाढतो. परंतु पट्टदकल-ऐहोळे पाहण्यासाठीं भाड्यानें केलेली बस हा ठराविक खर्च. तो ३० जणांत वांटला तर जो वांटा येतो, त्याच्या दुप्पट १५ जणांत येतो. यावरून काय निष्पन्न होतें? "ज्यांना परवडतें तेवढेच जाऊं" असें म्हणून कांहीं मुलांस मागें ठेविलें, तर बाकीच्यांच्या ठराविक खर्चाचा वांटा उलट वाढतो. सर्वांना घेऊन जाणें ही दया नव्हे. पुष्कळ अंशीं तें साधें व्यवहारज्ञान आहे.

म्हणून वर्गणी ठरवितांना अशी रीत ठेवावी. सर्वांत गरीब मुलाचे पालक कर्ज न काढतां किती देऊं शकतील, तेवढीच वर्गणी सर्वांस जाहीर करावी. तूट राहील ती वर्गानें वर्षभर मिळून भरून काढावी : रद्दी विकून, शाळेच्या समारंभांत नाटुकलें करून, बागेंतील भाजी विकून. ज्यांना अधिक देणें शक्य आहे त्यांनीं तें गुपचूप एका शिक्षकापाशीं द्यावें, आणि कोणी किती दिलें हें त्या एकाखेरीज कोणास कळूं नये. खिसाखर्चाची मर्यादा सर्वांस एकच असावी. धारवाडच्या पेढ्यांचा पुडा प्रत्येकानें निराळा घेऊं नये. वर्गानें मिळून घ्यावा व समान वांटावा. ज्याच्या हातांत पुडा नाहीं अशा मुलाला परतीच्या गाडींत जें वाटतें, तें तो कोणास सांगत नाहीं. म्हणूनच आंखणी करणाऱ्यानें तें आधीं ओळखलें पाहिजे.

६. ताटाचा शिष्टाचार

आपल्या वर्गांत अनेक धर्मांचीं व चालीरीतींचीं मुलें आहेत. कोणी मांस खात नाहींत, कोणी अमुक एक मांस वर्ज्य मानतात, कोणाचा उपवास असतो. यासाठीं दोन नियम पुरेसे आहेत. ज्याचें मन नको म्हणतें त्याला कोणी आग्रह करूं नये. आणि दुसऱ्याच्या ताटाला पाहून कोणी नाक मुरडूं नये. अन्नाला नांवें ठेवलीं म्हणजे तें रांधणाऱ्या हातांना नांवें ठेवलीं असें होतें.

प्रत्येक मुक्कामीं एक पदार्थ निवडून रांधणाऱ्यास तीन प्रश्न विचारावे : हा कशाचा करतात? तें जिन्नस येथेंच पिकतें कीं बाहेरून येतें? आणि हा रोजचा पदार्थ आहे कीं एखाद्या सणाचा? उत्तरें त्याच रात्रीं वहींत उतरून काढावीं. आरोग्यासाठीं ताजें व गरम अन्न घ्यावें, पाणी उकळलेलें प्यावें, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीं नव्या पदार्थांचा भडिमार करूं नये.

चार शब्द पाठ करून जावे. कानडींत जेवण म्हणजे "ऊट", पाणी म्हणजे "नीरु", तांदूळ "अक्की", मीठ "उप्पु", पाहिजे "बेकु" व पुरे "साकु". कोंकणींत पाण्यास "उदक" व भातास "शीत" म्हणतात. आपल्या भाषेंत शितावरून भाताची परीक्षा करतात, तेंच हें शीत. आभार मानावयाचे तर "देव बरें करूं" म्हणावें. उच्चार चुकला तरी ऐकणारा हंसतो, आणि त्या हंसण्यांतून बोलणें सुरू होतें.

७. शेजारी

शेवटीं एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. विजापूर, धारवाड व बेळगांव हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यांत होते. भाषावार रचनेंत ते त्या वेळच्या म्हैसूर राज्यांत गेले. बेळगांव व सीमेवरील इतर गांवें यांविषयीं दोन राज्यांत मतभेद आहे, आणि २००४ सालीं महाराष्ट्रानें त्याबाबत सर्वोच्च न्यायालयांत दावा दाखल केला. तो वाद कोणी सोडवावयाचा हें ठरलेलें आहे. तें विद्यार्थ्यांच्या सहलीचें काम नव्हे. परंतु कधींमधीं वातावरण तापतें, सीमेवर बसगाड्या थांबतात, आणि वर्तमानपत्रांतून "तिकडचे लोक" असा शब्द आपल्या कानांवर येतो. आंखणी करणाऱ्यानें अशा वेळेसाठीं रेल्वेचा मार्ग व एक मोकळा दिवस हातचा ठेवावा, हा झाला व्यवहार.

त्याहून मोठी गोष्ट अशी. ज्या मुलानें शेजाऱ्याचें नांव प्रथम भांडणाच्या बातमींत वाचलें, त्याला शेजारी म्हणजे भांडण वाटतें. ज्यानें तें नांव प्रथम धारवाडच्या खानावळींत, "आणखी एक भाकरी घे" म्हणणाऱ्याच्या तोंडून ऐकलें, त्याला पुढें मतभेद दिसला तरी माणूस दिसेनासा होत नाहीं. आपला हक्क सांगावा, तो न्यायानें मागावा. पण ज्यांच्या ताटांत व आपल्या ताटांत एकच भाकरी आहे, त्यांना परके समजण्यापूर्वीं एकदां त्यांच्या पंक्तीस बसून यावें. हें ज्ञान वर्गांत देतां येत नाहीं. त्यासाठींच सहलीचा एवढा खटाटोप.

स्वाध्याय

(१) वर दिलेला मार्ग नकाशावर काढा, आणि प्रत्येक गांवापुढें तेथील मुख्य धान्य व त्याचें कारण एका वाक्यांत लिहा.

(२) आपल्या जिल्ह्यापासून सुरू होणारी पांच गांवांची सहल आंखा. तिला एक सूत्र द्या. त्या सूत्रासाठीं कोणतें प्रसिद्ध ठिकाण सोडावें लागलें व कां, तें सांगा.

(३) त्या सहलीचा ठराविक व दरडोई खर्च वेगळा मांडा. २० मुलें व ४० मुलें यांसाठीं दरडोई वर्गणी काढा.

(४) घरच्या आजच्या जेवणांतील प्रत्येक जिन्नस मूळचें कोठलें याचा शोध घ्या, आणि त्यांतील किती खरोखर आपल्या मातींतले हें मोजा.

(५) आपल्या वर्गांतील कोणता मुलगा किंवा मुलगी अशा सहलीस येऊं शकणार नाहीं, आणि काय केल्यास येऊं शकेल, याचा विचार मनाशीं करा. या प्रश्नाचें उत्तर वहींत लिहूं नये; तें करून दाखवावें.